करंजवाडीचा डावा कौल

गव्याचे डोके मी पुष्कळदा पाहिले होते. त्याच्यामागे धड असते हे पाहायचे राहिले होते. बेळगावात वकिली करणाऱ्याला कॅम्पातल्या बंगल्यांत अधूनमधून जावे लागते. तिथे व्हरांड्यात ताटकळत बसले की समोरच्या भिंतीवरून ते डोके आपल्याकडे पाहत असते. डोळे काचेचे, शिंगांवर धूळ, आणि चेहऱ्यावर असा भाव की साहेब आत्ताच बाहेर गेले, उद्या या.

गव्याविषयी वाचले मात्र मी भरपूर होते. संध्याकाळी खडेबाजारात एका स्नेह्याच्या कापडदुकानाच्या पायरीवर आमची बैठक भरे. तिथे मी वाचनाच्या जोरावर गव्याची उंची, खाणे, स्वभाव यांवर बोलत असे. एकदा कापड मोजता मोजता स्नेह्याने विचारले, "वकीलसाहेब, हा गवा खानापूरच्या अलीकडे भेटतो का पलीकडे?" मला सांगता येईना. माझ्या पुस्तकात खानापूर नव्हते.

तेव्हा मला परसाप्पाची आठवण झाली. हा करंजवाडीचा शेतकरी. करंजवाडी म्हणजे गुंजी स्टेशनापासून घाटाच्या बाजूला बैलगाडीने अर्ध्या दिवसाची वाट. बांधाच्या एका तंट्यात तो माझ्याकडे आला होता, आणि कोर्टाच्या आवारात माझी चौकशी ऐकून म्हणाला होता, "पुस्तकात कशाला बगतासा? आमच्याकडं या की. गवा दावतो." बोलावणे जुने झाले होते, पण मोडलेले नव्हते. यंदा शिवरात्रीच्या सुट्टीला जोडून मी निघालो. थंडी सरत आली की रानातले ओहोळ आटतात, पाणी ठरावीक कोंडींत, म्हणजे डोहांतच, उरते, आणि जनावराला तिथे यावेच लागते, असे त्याने सांगितले होते.

गुंजी

पहाटे गुंजीला उतरलो तेव्हा धुक्यात स्टेशन दिसत नव्हते. मास्तरांच्या खोकल्यावरून ते कुठे आहे ते कळले. परसाप्पा गाडी घेऊन आला होता. माझी वळकटी घ्यायला तो पुढे आला तसे लक्षात आले की त्याचा उजवा पाय गुडघ्यातून वाकत नाही.

"हे काय झालं, परसाप्पा?"

"गव्यानं केलं," तो म्हणाला. सदरा कुणी शिवला असे विचारल्यावर माणूस शिंप्याचे नाव सांगतो, त्याच आवाजात.

गाडीत बसल्यावर हकीकत कळली. करंजवाडी इनामाचे गाव. इनामदार बेळगावात राहतात. माझ्या चांगल्या ओळखीचे. गेल्या वर्षी त्यांनी शिकारीचा हाका घालायला लावला. हाका म्हणजे ढोल-डबे बडवत, ओरडत रान झोडपीत जायचे आणि जनावर माचाणाकडे हाकलायचे. इनामदार माचाणावर होते. गवा समोर आला, त्यांनी बार टाकला, गोळी पुठ्ठ्यात लागली. जखमी गवा पुढे पळण्याऐवजी उलटा फिरला, आणि हाकेकऱ्यांच्या रांगेत घुसला. रांगेच्या मधोमध ढोल घेऊन परसाप्पा होता.

"मग गवा?"

"गेला. पर त्येचं काय चुकलं? मागं फिरायचंच की त्यो. फुडं बंदूक हुती."

धुके वितळले तशी थंडी एकदम गेली; दहाच्या सुमारास मी कोट काढून मांडीवर घेतला. या दिवसांत इथे दोन ऋतू एकाच दिवसात राहतात, सकाळी एक आणि दुपारी दुसरा. काटेसावरीवर एक पान नव्हते, नुसती लाल मांसल फुले, आणि त्यांत साळुंक्यांची अशी गर्दी की भाजीबाजार परवडला. कुसुमाच्या झाडांना नवी पालवी फुटली होती, तीही लालच. बेळगावात वसंत येतो तो पंचांगातून. इथे तो आधीच येऊन बसला होता आणि पंचांगाची वाट पाहत होता.

करंजवाडी

बेळगावात पाहुण्याला विचारतात, चहा घेणार का? इथे विचारत नाहीत. परसाप्पाच्या बायकोने, गंगाक्काने, उकड्या तांदळाची गरम पेज पुढे ठेवली, कडेला मिठाचा खडा आणि भाजलेली मिरची. दुपारी कोवळ्या फणसाची भाजी आणि नाचणीची भाकरी होती. चौथी भाकरी मी हात आडवा करून थांबवली तेव्हा गंगाक्का म्हणाल्या, "एवढं खाऊन कोर्टात भांडतासा कसं?"

परसाप्पाचा धाकटा भाऊ रामा. त्याचे याच माघात लग्न झाले होते. नवी सून अजून कोणाशी बोलत नव्हती. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांवरून ती घरात कुठे आहे एवढे समजे. दुसऱ्या दिवशी उजाडताच रामा मला रानात घेऊन गेला.

रानात शांत राहावे असे मी वाचले होते. रामाने ते वाचलेले नव्हते. तो अखंड बोलत होता. गंमत म्हणजे जनावरेही त्याच्या बोलण्याला सरावलेली दिसली. एक शेकरू डोक्यावरच्या फांदीवर पालथे पडून, शेपूट खाली सोडून, त्याचे सगळे ऐकून घेत होते. वाळल्या पानांतून माझे बूट मात्र पापड मोडल्यासारखे वाजत. शेवटी बूट हातात घेतले आणि लगेच लाल मुंग्यांच्या रांगेवर पाय दिला. मी ज्या चपळाईने नाचलो ती पाहून शेकरूसुद्धा उठून बसले.

"साहेब, गप नाचा," रामा म्हणाला, "गवा पळंल."

एका उंच झाडाच्या ढोलीपाशी धनेश पक्षी फळ घेऊन आला होता. मादी आत बसून ढोलीचे तोंड लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि अंडी उबवून होईपर्यंत नर बाहेरून भरवतो, हे मी रामाला सांगू लागलो.

"ठावं हाय," तो म्हणाला. "माझं बी तसंच चाललंय. फक्त मी भाईर हाय का आत, त्ये अजून कळंना."

एकदा भेकर खाली दरीत भुंकले. पुढे ओढ्याच्या काठाच्या चिखलात खूर उमटले होते, माझ्या पंजापेक्षा मोठे, आणि त्यांत पाणी अजून झिरपत होते. जवळच शेण पडले होते. रामाने हात लावून सांगितले की ऊन आहे. म्हणजे आम्ही बोलत, नाचत, बूट वाजवत येईपर्यंत गवा इथे होता, आणि सभ्यपणे उठून गेला होता. मीही शेणाला हात लावला. बेळगावात मी हे कोणाला सांगितलेले नाही.

"आज न्हाय," रामा म्हणाला. "परवा पाटंला कोंडीवर बसू. बोलायचं बंद. घावतोय बगा."

संध्याकाळची वर्दी

परतलो तर ओट्यावर माणसे जमली होती. इनामदारांचा शिपाई सांगून गेला होता: उद्या हाका. इनामदार स्वतः येणार, त्यांना गवा पाहिजे.

खरे सांगायचे तर मला आनंदच झाला. परवाच्या पहाटेवर अवलंबून राहायला नको. हाक्यात गवा हमखास दिसणार. मी तसे बोलूनही दाखवले. त्यावर आतून गंगाक्कांचा आवाज आला.

"दिसंल की. ह्यास्नी बी दिसला हुता!"

मग माणसांच्या बोलण्यातून मला इथला मान म्हणजे काय ते समजले. करंजवाडीत हाक्याचा पहिला ढोल परसाप्पाच्या घराण्याचा. तो दुसऱ्या कोणी गळ्यात घालायचा नाही, आणि ढोलवाल्याने चालायचे ते रांगेच्या मधोमध, सगळ्यांच्या चार पावले पुढे. मान म्हणजे सगळ्यांच्या आधी मरण्याचा वंशपरंपरागत हक्क. सनदा, पदव्या, दरबारातल्या खुर्च्यांचा क्रम यांच्यावर मी आयुष्यभर हसत आलो. पण त्यांच्यापायी माणसाला जाड अंगरखा घालून घाम येण्यापलीकडे काही होत नाही. परसाप्पा आता चालू शकत नव्हता. म्हणजे उद्या ढोल रामाच्या गळ्यात.

"मान म्हणं, मान!" गंगाक्का दारात आल्या. "त्यो मान घाला चुलीत. एकाचा पाय गेला. आता ह्येचं काय जायाचं ऱ्हायलंय? त्या पोरीच्या हाताची हळद तरी निघाली का?"

"गप गं," परसाप्पा म्हणाला, पण त्यात जोर नव्हता.

"नाही म्हणून सांगा," मी म्हणालो. "मी सांगतो इनामदारांना."

"तुमी सांगशीला आन् परवा आगगाडीत बसशीला. जमीन त्येंची हाय. आमी हितंच." मग परसाप्पा म्हणाला, "आदी कौल लावाय पायजे. सातेरीनं न्हाय म्हटलं, तर इनामदारास्नी बी न्हाय."

कौलाची रीत अशी. गावदेवी सातेरीच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर गुरव फुलाची एकेक पाकळी ओली करून चिकटवतो आणि प्रश्न घालतो. उजवी आधी पडली तर देवीचे हो, डावी पडली तर नाही. गुरव भैरू तिथेच खांबाला टेकून तंबाखू मळत होता. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

"देवीच्या मनात काय हाय, म्या कसं सांगावं?" तो म्हणाला, आणि चुना फार काळजीपूर्वक लावू लागला.

देवळापुढे

इनामदार सकाळी आले. आधी त्यांची खुर्ची आली, वेगळ्या गाडीतून. मग फोटोग्राफर व त्याची तिपाई, मग दोन बंदुका कापडी पिशव्यांत, मग स्वतः. रावबहादूर होण्याच्या ते बेतात होते. दिवाणखान्याचा नवा भाग बांधून झाला होता, कलेक्टरसाहेबांना तिथे चहाला बोलावायचे होते, आणि साहेब ज्या भिंतीकडे तोंड करून बसणार ती भिंत रिकामी होती. हे त्यांनीच मला सांगितले, मोठ्या मोकळेपणाने. भिंतीची मापेही सांगितली. गव्याची मापे त्या भिंतीवरून ठरली होती.

मला पाहून ते खूष झाले. गेल्या पावसाळ्यात मी वाचनालयात 'कौल आणि भोळा समाज' या विषयावर व्याख्यान दिले होते. त्याचे अध्यक्ष हेच. त्यांनी माझ्याहून लांब भाषण करून माझ्याशी संपूर्ण सहमती दर्शवली होती.

भैरूने पाकळ्या लावल्या. मी जवळच उभा होतो. उजवी त्याने पाण्यात बुडवून अंगठ्याने दाबली, जणू पाकिटावर टपालाचे तिकीट. डाव्या पाकळीला त्याने तापल्या तव्याला लावावे तसे बोट लावले. मग गाऱ्हाणे घालू लागला, "आई सातेरी, तुझी लेकरं तुझ्या दारात आल्यात…" डावी पाकळी इथेच पडली. प्रश्न विचारण्यापूर्वीच निकाल लागला. आमच्या कोर्टातही असे कधी कधी होते, पण तिथे इतक्या उघडपणे नाही.

"पुन्हा लावा," इनामदार म्हणाले.

पुन्हा लावल्या. या वेळी प्रश्न पुरा झाला, मग डावी पडली. लोक हात जोडून उभे होते. इनामदार मूर्ख नव्हते. ते भैरूच्या अंगठ्याकडे पाहत होते.

"तिसऱ्यांदा गुरव नको," ते म्हणाले. "वकीलसाहेब लावतील."

लोकांत कुजबुज झाली. इनामदार खुर्चीत मागे रेलले. "का? जानवं आहे, आंघोळ करतील. आणि यांचा ना देवीवर विश्वास, ना कौलावर. यांच्याहून नि:पक्षपाती माणूस आणायचा कुठून?" हा त्यांचा प्रामाणिक समज होता. देव न मानणारा माणूस देवाच्या कामात लबाडी कशाला करील?

विहिरीवर मी आंघोळ केली. सकाळचे पाणी अजून हिवाळ्यातले होते. ओल्या पंच्याने कुडकुडत गाभाऱ्यात गेलो. भैरूने क्षणभर माझ्याकडे पाहिले. त्याच्या सात पिढ्यांचे काम मी करणार होतो. पण त्याने तबक पुढे केले.

"पाणी लई हाय," एवढेच तो म्हणाला.

व्याख्यानात मी सांगितले होते की दोन्ही पाकळ्या सारख्या भिजवून सारख्या दाबल्या तर कोणती पडेल ते निव्वळ योगायोगावर. तसे करणे शास्त्रशुद्ध झाले असते. उजवी पडली असती तर दुपारपर्यंत मला गवाही दिसला असता, धडासकट. मी मागे वळून पाहिले. रामाने ढोल गळ्यात घातला होता. पट्ट्याखाली खाजवत तो शेजारच्याला काहीतरी सांगून हसवत होता. परसाप्पा हसत नव्हता. देवळाच्या पायरीवर तो सरळ पाय लांब करून बसला होता आणि माझ्या हातांकडे पाहत होता.

उजवी पाकळी मी चांगली बुडवली आणि दाबली. डावीला नुसते बोट लावले.

मग ती पडेना. भैरूने गाऱ्हाणे पुरे केले, पुन्हा पहिल्यापासून घातले. लोक "व्हय म्हाराजा" म्हणून म्हणून दमले. माझ्या पंच्याचे पाणी टाचांशी साचू लागले. लक्षात आले की आंघोळीचे पाणी माझ्या मनगटावरून ओघळत होते, आणि डावी पाकळी मी न कळत पुरती भिजवली होती. आयुष्यात एकदा कौल फिरवायला गेलो आणि तेही धड जमले नव्हते. उजव्या पाकळीची कड किंचित उचललेली दिसू लागली. मी तिच्याकडे पाहणे सोडून दिले. देवीच्या चेहऱ्याकडे पाहिले; तिने मला काही मदत केली असे मी म्हणणार नाही. दारातून वाऱ्याची एक झुळूक आली, आणि लोकांचा एकदम आवाज उठला तेव्हा मी खाली पाहिले. देवीच्या डाव्या पायाशी पाकळी पडली होती.

इनामदार उठले. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "नीट लावलं होतंत ना?"

"आपल्यासमोरच लावलं," मी म्हणालो. बावीस वर्षांच्या वकिलीत मी इतके खरे उत्तर क्वचित दिले असेल.

त्यांनी विचार केला. स्वतः नेमलेला पंच, तोही अख्ख्या गावासमोर. त्यांनी देवीला नारळ दिला, पिशवीतून बंदूक काढायला लावून देवळाच्या दारात फोटो काढवला आणि निघून गेले. खुर्ची शेवटी गेली.

ढोल

गर्दी पांगल्यावर मला वाटले, बरे झाले. आता उद्या पहाटे कोंडीवर बसू. रान तसेच आहे, कोणी झोडपलेले नाही. परसाप्पाला मी तसे म्हणालोही. तो जरा ओशाळला.

"त्येचं असं हाय, साहेब. गळ्यात घातलेला ढोल मुका उतरवत न्हाईत. दिवस बुडंपतोर वाजवाय लागतोय. गावच्या शिवंपतोर आवाज गेला पायजे, तवाच मान पुरा हुतोय."

"म्हणजे गवे?"

त्याने घाटाकडे हात केला. "वाजाय लागलं की त्ये उतरणार. सांजंपतोर पोर्तुगीजांत." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून, "पंधरा दिस तरी हिकडं फिरकायचं न्हाईत."

घाटाखालच्या पोर्तुगीज हद्दीत जायला मला कागदपत्र लागतात. गव्यांना लागत नाहीत. रजा उद्या संपत होती.

रामा अंगणात उभा राहिला. पहिली टिपरी पडली तशी देवळामागच्या झाडांवरून पाखरे उठली. मी ओट्यावर बसलो. हे वाजणे वेगळे होते. यात कोणाला हाकलायचे नव्हते, कोणाच्या पुढे चालायचे नव्हते. तो जागच्या जागी गिरक्या घेत वाजवत होता, मधेच ओरडत होता. गंगाक्का सूप घेऊन दारात बसल्या होत्या, पण तांदूळ पाखडायचे विसरल्या होत्या. त्यांच्यामागे चौकटीवर हिरव्या बांगड्यांचा एक हात होता. तो चौकटीवर ताल धरत होता.

परसाप्पा माझ्याजवळ सरकला. "तुमचा गवा ऱ्हायला की, साहेब. हळू वाजव म्हणू का त्येला? ओढ्यापलीकडं आवाज जाणार न्हाय एवढं. देवीला काय कळतंय?"

डोंगराच्या पलीकडे, कुठल्या तरी सावलीत, त्या क्षणी ते उठून उभे राहत असतील. ओल्या नाकपुड्या, पायांना पांढरे मोजे, सगळे मी वाचल्याप्रमाणे.

"नको," मी म्हणालो. "जोरात वाजवू दे."

"रामाऽ," परसाप्पा ओरडला, "साहेब म्हंत्यात जोरात!"

रामाला सांगावे लागत नव्हते. ओट्यावरच्या तांब्यातले पाणी थरथरू लागले.